गाडी सुधारली, ती कोणी सुधारून घेतली?

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मोटारींवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. पण चाळीस वर्षं कोकणातल्या रस्त्यांवर गाडी चालवली, गॅरेजमधल्या बाकड्यावर बसून तासन्‌तास काढले, आणि तिथे बसल्या बसल्या एक प्रश्न पडला. तोच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आपण म्हणतो, "गाड्या किती सुधारल्या!" सुधारल्याच, त्यात वाद नाही. पण हे वाक्य आपण कसं बोलतो बघा. पाऊस पडला, दिवस उजाडला, गाडी सुधारली. जणू काळ पुढे सरकला आणि गाडी आपोआप चांगली झाली. आता आंबासुद्धा आपोआप पिकत नाही, हे इथे बसलेल्या बागायतदारांना मी सांगायला नको. मग गाडी आपोआप कशी सुधारेल? कोणीतरी ती सुधारून घेतली असणार. कोणी घेतली? आणि कोणासाठी? एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीपासून करतो, कारण समोर बरीच तरुण मंडळी दिसतायत आणि त्यांनी 'चोक' हा शब्दही ऐकला नसेल.

१९८५ साली मी एक जुनी गाडी घेतली. मी तिचा तिसरा मालक. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. साखरपा मागे पडलं की आंबा घाट सुरू. त्या प्रवासाला निघताना डिकीत काय काय असे? पाण्याचे दोन कॅन, जादा फॅनबेल्ट, प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जाडसं फडकं. यातलं काहीही हौसेखातर नव्हतं. घाट चढताना रेडिएटरमधलं पाणी उकळे, म्हणून पाणी. स्पार्क पाडणारे पॉइंट काजळत, ते घासायला पॉलिश पेपर. आणि फडकं कशाला? तर तेव्हाचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटूनच बसवलेला असे. मे महिन्यात घाटात इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव खेचू शकतो, वाफ खेचणं त्याला जमत नाही. गाडी बंद. मग फडकं भिजवून पंपावर ठेवायचं, झाडाखाली बसायचं, बरोबर आणलेला डबा खायचा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा चावी फिरवायची.

आज हे का होत नाही? कारण पंप आता इंजिनापासून दूर, टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. तो विजेवर चालतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो. दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहज होत नाही. पूर्वी रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. म्हणजे घाटात गाडी हळू झाली की पंखाही हळू, आणि वारा नेमका तेव्हाच जास्त हवा! आता पंखा विजेवर आहे. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की तो स्वतःहून सुरू होतो.

कोकणातल्या गाडीचा आणखी एक शत्रू होता, खारं वारं. इथे गाडी इंजिनाने मरत नसे, गंजाने मरे. पायाखालचा पत्रा कुजायचा आणि पावसात रस्त्यावरचं पाणी थेट पायावर यायचं. आता पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. गाडीचा सगळा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर रंगाचा पहिला थर चढवतात, म्हणजे कानाकोपऱ्यातही रंग पोचतो. दारांच्या कडा आता पाच वर्षांत हाताला लागत नाहीत.

आता गॅरेजमध्ये जाऊ. न्यायदर्शनात अनुमानाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी असला पाहिजे असं आपण ठरवतो. वर्गात ते मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण ते मला खरं कळलं गॅरेजमध्ये. आमचा मेकॅनिक गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभा राही. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय. निळसर असेल तर इंजिनात ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट गेलं. कान लावून तो टॅपेटचा आवाज ओळखे. शाळा सातवीत सोडलेला माणूस, पण धुरावरून कारणाकडे जाण्याची त्याची रीत कोणत्याही नैयायिकाला मान्य झाली असती.

आज तोच माणूस, म्हणजे आता त्याचा मुलगा, स्टिअरिंगखाली एक वायर जोडतो आणि पडद्यावर आलेला कोड वाचतो. गाडीतले संवेदक इंजिनाचं तापमान, आत येणारी हवा, बाहेर जाणाऱ्या धुरातला प्राणवायू हे सतत मोजतात आणि एक छोटा संगणक त्यावरून दर क्षणी निर्णय घेतो. अनुमान आता यंत्र करतं आणि आपण त्याचा शब्द प्रमाण मानतो. शास्त्राच्या भाषेत, अनुमानाच्या जागी शब्दप्रमाण आलं. पण शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त हवा, भरवशाचा हवा. कधी कधी संवेदकच बिघडलेला असतो आणि धडधाकट भाग बदलला जातो. चांगला मेकॅनिक आजही पडद्यावर विसंबत नाही, एकदा हाताने तपासतो.

हे मी जुन्याच्या आठवणीने गळा काढायला सांगत नाही. भिजलेलं फडकं मला परत नको आहे. मुद्दा असा की जे ज्ञान आपल्या हातात होतं ते यंत्रात गेलं, आणि आपल्या काही जुन्या सवयी त्यामुळे चुकीच्या ठरल्या. एक उदाहरण देतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक या सभागृहातही असतील. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं, कारण गिअरमध्ये उतरतानाही इंजिन पेट्रोल ओढतच राही. पण आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत तर उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वेगळाच. तेव्हा ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ट्रकड्रायव्हरांचा नियम अजून खरा आहे. न्यूट्रलची काटकसर मात्र सोडून द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सगळं सुधारून कोणी घेतलं?

पहिलं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे: स्पर्धेने. आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभारला. परकीय सत्तेच्या काळात या देशात मोटार बनवायची जिद्द धरली, ही लहान गोष्ट नव्हे. पण पुढे काय झालं? फियाटचं जे रूप १९६४ साली आपल्याकडे आलं आणि नंतर ज्याला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं, ते जवळपास तसंच शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं. इटलीत तो नमुना साठच्या दशकातच मागे पडला होता. तिकडे हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसॅडर १९५८ पासून २०१४ पर्यंत चालली. किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरत होतं. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत होतं. जो रांगेत उभाच आहे, त्याच्यासाठी गाडी सुधारायची कशाला?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि इथल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की सकाळी गाडी विनातक्रार सुरू होऊ शकते. १९९३ साली मोटारी बनवण्यावरचं परवान्याचं बंधन गेलं. १९९८ च्या अखेरीस पुण्याहून टाटांची इंडिका आली. बाहेरची तयार गाडी उचलून न आणता एका भारतीय कंपनीने स्वतः आखून बनवलेली. २००२ मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ नाशिकहून आली. गाड्या थंड झाल्या, पॉवर स्टिअरिंग आलं, एका लिटरमध्ये जास्त अंतर कापू लागल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही एकेक करून उतरत गेल्या. २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

पण मंडळी, स्पर्धेचा एक स्वभाव आहे. गिऱ्हाइकाला जे दिसतं, हाताला लागतं, शोरूममध्ये दाखवता येतं, ते स्पर्धा झपाट्याने सुधारते. जे दिसत नाही, त्याच्याकडे ती वळत नाही. गाडीत दोन गोष्टी गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. एक म्हणजे सायलेन्सरमधून बाहेर गेलेला धूर, कारण तो मागच्या माणसाच्या नाकात जातो. दुसरी म्हणजे पत्र्याखालचा सांगाडा, कारण तो कसा आहे हे अपघात झाल्यावरच कळतं. या दोन गोष्टी कशा सुधारल्या, तो इतिहास निराळा आहे.

आधी धूर. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजलिसच्या लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, शहरावर पिवळट धुकं साचू लागलं. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे तयार होतं. मोटार कंपन्यांनी बरीच वर्षं खळखळ केली. शेवटी १९७० साली कडक कायदा झाला आणि १९७५ पासून तिकडच्या नव्या गाड्यांना सरसकट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. धूर बाहेर पडण्याआधी त्यातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा हा डबा. आपल्याकडे तो आला १९९५ साली, तोही फक्त चार महानगरांत. म्हणजे वीस वर्षांनी. तंत्रज्ञान तयार होतं, फक्त आपल्यासाठी ते कोणी मागितलं नव्हतं.

आता गंमत बघा. या डब्याच्या दोन अटी असतात. पहिली, पेट्रोलमध्ये शिसं चालत नाही, शिशाने त्याचा आतला मुलामा निकामी होतो. इंजिन ठोकू नये म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं घालत होते, आणि ते शिसं रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तात जाऊन त्यांच्या मेंदूवर परिणाम करत होतं. या अटीमुळे ते गेलं. २००० साली आपल्या देशातून शिशाचं पेट्रोल हद्दपार झालं. दुसरी अट, हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण काटेकोर हवं. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. कार्बोरेटरला इतकी अचूकता झेपत नाही. म्हणून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, संवेदक आले, संगणक आला. आणि त्याबरोबर चोकही गेला. म्हणजे आज थंडीच्या सकाळी तुमची गाडी एका चावीत सुरू होते, त्याचं बरंचसं श्रेय गाडीबाहेरच्या माणसांना आहे. त्यांनी स्वच्छ हवा मागितली, आणि आपल्याला सोय मिळाली.

भारतात ही मागणी न्यायालयात झाली. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दिल्लीच्या हवेबद्दल याचिका केली होती. त्याच प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना युरोपीय मानकं लावण्याची मुदत घालून दिली. मुंबईतही धुराने त्रासलेले रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. पुढे भारत स्टेजचे टप्पे आले. २०१७ साली देशभर बीएस-४, आणि मधला पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. त्यात इंधनातलं गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. ही नावं आपण गाडी विकतानाच तेवढी उच्चारतो. पण या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी अर्ज केलेला आहे, तारखांवर तारखा घेतलेल्या आहेत.

आता दुसरी न दिसणारी गोष्ट, जिवाची सुरक्षा.

तीन ठिकाणी अडकवलेला आजचा सीटबेल्ट १९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. कंपनीने या पट्ट्याचं पेटंट सर्वांना खुलं केलं. अपघातात पुढचा भाग ठरवून चेपला जावा आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहावा, ही कल्पनाही पन्नासच्या दशकातलीच. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तीही सत्तरच्या दशकापासून जगात आहे. आणि भारतात प्रत्येक नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची कधी झाली? १ जुलै २०१९. शेजारी बसणाऱ्यासाठी त्यानंतर, २०२१ मध्ये.

मधल्या काळात आपण काय समजत होतो? "जुन्या गाड्या भक्कम होत्या हो, आताचे नुसते पत्र्याचे डबे." हे वाक्य मीसुद्धा बोललो आहे. २००९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. १९५९ ची भलीमोठी शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू समोरासमोर धडकवल्या. नव्या गाडीचा पुढचा भाग चेपला आणि आतला पुतळा जवळजवळ सुरक्षित राहिला. जुनी गाडी आतूनच कोसळली, चालकाच्या जागेत स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड घुसले. तिथे माणूस असता तर वाचता ना. चेपणं हाच आताच्या गाडीचा गुण आहे. धक्का तिने खायचा, म्हणजे तो आपल्यापर्यंत पोचत नाही.

पण सगळ्या नव्या गाड्या तशा नव्हत्या. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. काहींचा सांगाडाच टिकला नाही. त्या चाचण्यांची दृश्यं घरोघरी दिसली आणि पहिल्यांदा आपल्याकडचं गिऱ्हाईक शोरूममध्ये विचारू लागलं, "तारे किती?" पाच वर्षांच्या आत, डिसेंबर २०१८ मध्ये, पुण्याच्याच टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची तारांकन पद्धत सुरू झाली. बघा, तंत्रज्ञान पन्नास-साठ वर्षं जुनं आणि बदल घडला चार-पाच वर्षांत. कारण न दिसणारी गोष्ट कोणीतरी दिसेल अशी केली, आणि मग मागणी झाली.

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायचं आहे. व्याख्यानात सांगावं की नाही याचा बराच विचार केला.

२००६ साली मी नवी गाडी घेतली. सीटकव्हर लावून देणाऱ्याने विचारलं, "सर, मागचे पट्टे वर काढून ठेवू की आत घालू?" मी म्हटलं, "आत घाला, मागे कोण लावतंय." त्याने घातले. पुढच्या वर्षी मे महिन्यात लग्नाहून परतताना हातखंब्याच्या अलीकडे समोरचा टेम्पो अचानक थांबला आणि मी त्याच्यावर आदळलो. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल. मी पट्टा लावला होता, मला खरचटलंही नाही. माझी थोरली बहीण मागे बसली होती. ती पुढच्या सीटवर आपटली, गुडघ्याचा चुरा झाला. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, काठी टेकत. तिने मला एकदाही बोल लावला नाही. पण गाडी घरी आल्यावर मी कव्हर उसवलं, आणि ते दोन्ही पट्टे जसेच्या तसे, घडीसुद्धा न मोडलेले, आत पडलेले होते. बोलिनसाहेबांनी १९५९ साली केलेली गोष्ट माझ्या गाडीत हजर होती. ती मीच पुरून ठेवली होती.

नंतर मी गणित करून पाहिलं. ताशी ४० किलोमीटरने आदळणं म्हणजे साधारण सहा मीटरवरून, दोन मजल्यांवरून पडणं. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, म्हणजे चांगल्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यावरून. माडावरून पडलेला माणूस आपल्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी पाहिलेला आहे. पट्टा न लावता मागे बसणं म्हणजे दोरी न बांधता त्या शेंड्यावर बसणं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात तुम्हाला आठवत असेल. सायरस मिस्त्री त्यात गेले. गाडी उत्तमातली उत्तम होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

आणखी एक बाजू आहे, ती सांगून आटोपतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि जवळपास २० टक्के पायी चालणारी. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण तारे मोजतो ते गाडीतले लोक यात थोडे, बाहेरचे फार. गाडी आतल्या माणसासाठी सुधारली. बाहेरच्यासाठी रस्ता सुधारावा लागतो, पदपथ लागतो, पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, आपल्याच जिल्ह्यातल्या दोन एसटी गेल्या. पुढे पूल नाही हे कोणत्याही गाडीला कळण्यासारखं नव्हतं. त्या वेळी लोकांनी आवाज उठवला, आणि नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे तोही उभा राहू शकत होता, मागणी व्हायची होती.

विजेच्या गाड्यांबद्दल मला नेहमी विचारतात. चांगलं यंत्र आहे. पेट्रोल इंजिन इंधनातल्या शक्तीचा चौथा-तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं, विजेची मोटर बहुतांश पोचवते. आंबा घाट उतरताना मोटर उलटी काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते. आम्ही जी शक्ती ब्रेक तापवण्यात घालवली, ती जमा होते. पण तोच प्रश्न इथेही विचारा. धूर सायलेन्सरमधून गेला, तो कुठे गेला? जयगडला कोळशावरचं वीजकेंद्र आहे. त्या धुराण्याच्या आसपास राहणाऱ्यांसाठी कोण मागणार? गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. न दिसणारी बाजू विचारायची सवय ठेवा, इतकंच.

तर मंडळी, माझं म्हणणं एका वाक्यात असं. आपल्याकडे गाडी सुधारण्यासाठी लागणारी युक्ती बहुतेक वेळा आधीच कुठेतरी तयार होती, उशीर मागणाऱ्यांकडून झाला. कधी गिऱ्हाइकाने मागितलं, कधी याचिका करणाऱ्याने, कधी कायद्याने. आणि कधी दारात आलेलं आपणच सीटखाली कोंबलं.

आज इथून घरी जाताना एक करा. गाडीत बसायच्या आधी मागच्या सीटच्या फटीत हात घाला आणि पट्टे वर आहेत का बघा. नसतील तर काढा. मागे आई बसणार असेल, ताई बसणार असेल, तर तिला लावायला सांगा. ती म्हणेल, "एवढ्याशा अंतराला कशाला?" तरी लावा.

एवढं बोलून थांबतो.